पिवळ्या टोपीचा देवचार

ऐका गो बायांनो, आणि ती मुलं जरा जवळ घ्या. दाराकडं पाठ करून कुणी बसू नका. हे आपल्याच खडपेवाडीत घडलेलं आहे. जिच्यावर बेतलं ती मथुरा परब अजून आहे, पण तिला विचारायला जाऊ नका. नुसतं नाव काढलं तरी उठून चुलीकडं जाते.

पावसाळा सरत आलेला. मथुरेच्या मुलीला, दोन वर्षांच्या जाईला, ताप भरला. ताप कसला, तवाच! अंधार पडता पडता पोर डोळे फिरवायला लागली. नवरा लवू खाणीवर रात्रपाळीला, डंपरवर. घरची मोटारसायकल तोच घेऊन गेलेला. फोन लागेना. जवळपास दवाखाना एकच, तोही खाणीचा, डोंगराच्या वर. आपल्याकडं सगळं खाणीचंच, नाही का? नळ खाणीचा, लाईट खाणीची, गणपतीची वर्गणी खाणीची. ताप तेवढा आपला.

सासू म्हणाली, "डंपरच्या रस्त्यान जा गो. लांब पडात, पण जा."

"तवसर माझा पोर रवात काय?" मथुरा म्हणाली. जाईला पदरानं छातीशी बांधलं, बॅटरी घेतली आणि जुन्या पाऊलवाटेला लागली.

सासू मागून ओरडली, "कोणी हाक मारल्यान तर दोन हाकांक ओ देऊ नको! भूत दोनदाच मारता. तिसरी हाक माणसाची!"

ही वाट देवचाराची. नव्या सुना विचारतील, देवचार कोण? अगं, वेशीचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात घुंगरांची काठी. पूर्वी उशीर झालेल्या माणसाला तो घरापर्यंत सोडायचा. दिसायचा नाही. पुढं नुसती काठी वाजायची, छुम्, छुम्, आणि माणूस बिनघोर घरी यायचा.

मग खाण आली. कशी आली तेही ऐका. देवळासमोर पडदा लावून कंपनीनं सिनेमा दाखवला. पांढऱ्या भुवयांचा एक साहेब आलेला, तिकडं स्वीडनकडचा, बर्फाच्या मुलखातला. पडद्यावर त्याचं गाव. बर्फात दिवेच दिवे, लाल गालांची पोरं शाळेत चाललेली. "खाणीवर आमची शाळा चालते, आगगाडी चालते, म्हाताऱ्यांची पेन्शन चालते. खाण नसती तर आम्ही अजून मासेच वाळवत बसलो असतो." साहेब बोलायचा आणि कंपनीचा माणूस आपल्याला मराठीत सांगायचा.

दाजी गावकरानं विचारलं, "आणि ह्या गाव अजून थंयच आसा मां?"

कंपनीचा माणूस हसला. "आता थोडं सरकवतायत. खाली लोखंड लागलं ना! त्यांचं चर्चसुद्धा चाकांवर घालून नेतायत."

आपण सगळे हसलो. देऊळ चाकांवर! काय गंमत! मग त्याच दाजीनं खाणीसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि साऱ्या गावानं ओरडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला दुसरं काय म्हणतात? पाळण्यात असल्यापासून तेच कानावर. देवचाराचा दगड वेशीवरून उचलला, कंपनीच्या फाटकापाशी नेऊन ठेवला, वर पत्रा घातला. झालं! राखणदाराची वेस गेली.

तर मथुरा चालली आहे. तांबडा चिखल, पाय रुततोय, जाई कण्हतेय. आणि पुढून हाक आली.

"मथुरे!"

थांबली. बोलली नाही.

"मथुरे!"

पोर घट्ट धरली. ओ दिली नाही. शाब्बास!

"मथुरे!"

तिसरी! माणसाचीच की! "ओ!" म्हणाली हो ती. "ओ!" म्हणून बसली!

अगं, सुरुंग लावण्याआधी खाणीचा भोंगा किती वेळा वाजतो? तीनदा. रोज तीनदा. ऐकून ऐकून भूतही शिकलं. सासू बिचारी जुन्या भुतांच्या हिशेबात राहिली.

समोर उजेड. डोक्यावर पिवळी टोपी, टोपीवर दिवा. दिवा डोळ्यांत, म्हणून तोंड दिसेना.

"कोण?"

"खाणीवरचो. लवून धाडल्यान माका. चल, दवाखान्यात सोडतंय."

जीव भांड्यात पडला तिचा. निघाली मागोमाग. हातातली बॅटरी आपोआप विझली. असो, याचा दिवा आहे ना! पण वाट उतरू लागली. दवाखाना वर, आणि वाट खाली.

"दादा, चढण खंय गेली?"

"कंपनीन नवी वाट काढल्यान."

छुम्. ऐकलं तिनं. छुम्, छुम्. पिवळ्या टोपीखाली कांबळं होतं गो! मागं फिरायला गेली, तर पाय फिरेनात. आणि तो बोलू लागला. साधं बोलणं नाही, गाऱ्हाण्याच्या सुरात.

"कंपनीन तुका लाईट दिल्यान मां?"

"व्हय," तोंडातून गेलंच. पाय एक पाऊल पुढं.

"नळ दिल्यान मां?"

"व्हय."

"तुझ्या घोवाक काम दिल्यान मां?"

"व्हय."

तिला थांबायचंय! पण सूर ओळखीचा, जीभ सवयीची. प्रत्येक 'व्हय'ला पाऊल पडतंय. खालची माती सैल झाली. खडे सुटून घरंगळतायत, आणि पडल्याचा आवाजच येत नाही. जाईचं कण्हणंही थांबलं.

"मगे आता कंपनीक ह्या पोर दी!"

आणि खालून, खोल खालून, कितीतरी गळे एकदम ओरडले, "व्हय म्हाराजाऽऽ!"

कुणाचे गळे? मला विचारू नका. खाणीत गेलेली माणसं तुम्हीही ओळखता.

मथुरेच्या ओठापर्यंत तोच शब्द आला. आला होता! तेवढ्यात जाईचा कढत श्वास तिच्या गळ्याला लागला. ती किंचाळली, "नाय! नाय म्हाराजा! नाय!"

गाऱ्हाण्यात आजवर कुणी 'नाय' म्हटलंय? तोही गडबडला. दिवा फटकन विझला. मथुरा होती तिथंच बसली.

बसली खरी, पण पोराचा ताप? उठावं तर वाट त्याची. बसावं तर पोर हातची जाते. काय करील आई? भुरभुर पाऊस होता. जाईला मांडीवर घेतलं, पदर सोडून भिजवून तिच्या कपाळावर ठेवत राहिली. आणि अंधारातून लवूचा आवाज आला, "अगे, ऊठ! डॉक्टर वाट बघता."

"नाय."

मग सासूचा आवाज, रडवेला. "पोराक मारतलस काय गो?"

"नाय."

मग समोरून, दोन हातांवरून, जाईचाच आवाज. "आये, चल ना."

मथुरेनं मांडीवरच्या पोरीचं तोंड चाचपलं. ओठ मिटलेले होते.

"नाय," ती म्हणाली. रडत म्हणाली, पण म्हणाली.

फटफटलं तेव्हा तिनं खाली पाहिलं. तिचे पाय हवेत लोंबत होते. खाली खाणीचा खड्डा, तळाला तांबडं पाणी. बसल्या बसल्या मागं सरकली, रांगत वर आली, डंपरच्या रस्त्यावर आडवी उभी राहिली. पहिल्या डंपरवाल्यानं तिला तशीच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. जाई वाचली. अजून थोडा वेळ गेला असता तर नसती वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

कंपनीनं त्या जागी तार ओढली, धोक्याची पाटी लावली. पुढच्या पावसात तार आणि पाटी दोन्ही खड्ड्यात गेली.

म्हणून सांगते, कितीही नड असू दे, त्या वाटेनं जाऊ नका. काय गो? कुठली वाट? तेव्हा ती डोंगराच्या अंगाला होती. मग काजूच्या बागेमागून जायची. आता या घराचं मागचं दार उघडलं ना, की तीच वाट.

कडी घातली आहे का कुणी? बघून या. एकटीनं नको, दोघी जा.