पट्ट्यावरची जाळी

कशेळ्याच्या नव्या भातगिरणीत मंगळीला उद्यापासून कामाला जायचं होतं. काम नणंदेनं ठरवून दिलेलं, मालकाला मंगळीनं अजून पाहिलंही नव्हतं. जीप भरायची वाट बघत ती मागं बसली होती आणि पुढच्या सीटवर दोघं बोलत होते.

"हिराजी, तुज्या गिरणीच्या पट्ट्यावर जाळी होती ना रं? काल दिसली नाय."

"घरी नेलीय."

"घरी कशाला?"

"घार पिल्लं उचलीत होती. आठवड्यात चार नेली. आता जाळीखाली झाकतो, एक जात नाय."

"आन गिरणीत?"

"गिरणीत कुठं घार येते?"

"अरं, नंदाचा पदर गेला ना पट्ट्यात?"

"पदरच गेला. बाई हाय तशीच हाय."

"मग कामावर का येत नाय?"

"भ्याली. उद्यापासून दुसरी येतेय."

"तिला सांगितलंस का जाळीचं?"

"त्यात सांगायचं काय? पिल्लं मोठी झाली की परत लावायचीच हाय."

मंगळीनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि पुढं वाकून विचारलं,

"शेट, पिल्लं केवढी झालीत?"