समुद्रातली जिप्सी

(नागपूर. रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर एका बाकावर मधुकरराव आणि त्यांची बायको कौसल्या. फोनचा स्पीकर चालू. पलीकडे मालवणचा होडीवाला गोविंदा.)

मधुकरराव : ...म्हणजे डॉल्फिन दिसले, की तुम्ही जिप्सी बंद करता ना?

गोविंदा : जिप्सी? काका, ही होडी आसा.

कौसल्या : अहो, ताडोबा नाही ते!

मधुकरराव : चुकलो, भाऊ. होडीचं इंजिन म्हणायचं होतं मले.

गोविंदा : बंद करतंव ना. होडी लांबच ठेवतंव. तेंच्या पाठी लागूचा नाय. ते आपसूक जवळ इले तर इले.

मधुकरराव : लांबचं हिले दिसत नाही. काचबिंदू आहे. एक डोळा गेला, आणि आत्ताच डॉक्टर म्हणाले, दुसराही जाऊन राहिला. एकडाव जवळ नेता येईल का?

गोविंदा : वाईट वाटता, काका. पण नाय जमूचा. गेल्या हंगामात होड्यांनी तेंका घेरल्यानी, नि एक पिल्लू आयशीपासून तुटला. तेवापासून माझी होडी लांब. दुसरे आसत, दाखवूची गॅरंटी देतत. नंबर देऊ?

मधुकरराव : द्या... नाही, थांबा. मी करतो पुन्हा फोन.

कौसल्या : काहून नाही घेतला नंबर?

मधुकरराव : घेतो ना. तू म्हणशील तसं. मले काही समजूनच नाही राहिलं वं. जन्मभर लायब्ररीत लोकांले पाहिजे ते पुस्तक काढून दिलं, अन् बायकोले काय पाहिजे...

कौसल्या : झालं सुरू तुमचं!

मधुकरराव : ते पिल्लू डोक्यातून जात नाही. अन् तुले दिसलं नाही, तर तेही जाणार नाही. मासे वाचवले अन् बायकोले...

कौसल्या : मासे नाही म्हणत त्याइले. तुम्हीच वाचून दाखवलं होतं. श्वास घ्यायले वर येतात.

मधुकरराव : हो. फुस्सकन आवाज होते म्हणतात.

कौसल्या : ऐकू येते?

मधुकरराव : पाणी शांत असलं तर येत असन. मी कुठं ऐकला!

कौसल्या : ताडोब्यात आपल्याले वाघ दिसला होता?

मधुकरराव : कुठचा! पाणवठ्यावर जिप्स्यांचीच जत्रा होती.

कौसल्या : मग गाइडनं काय केलं?

मधुकरराव : आपली जिप्सी दूर नेऊन बंद केली. म्हणे, बोलू नका, ऐका.

कौसल्या : अन् चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली का ओरडते तसं. तुम्ही माझा हात असा दाबला, का बांगडी वाढली. घरी येऊन साऱ्या गल्लीले सांगितलं मी, वाघ होता म्हणून.

मधुकरराव : दिसला कुठं होता पण?

कौसल्या : होता ना पण! त्या गॅरंटीवाल्याचं इंजिन बोंबलत राहीन. मले ना दिसन, ना ऐकू येईन. लावा गोविंदाले फोन.

मधुकरराव : अन् आलेच नाही तर?

कौसल्या : तर तुम्ही बसान हात धरून. यावेळी काचेच्या नाही घालत मी.

गोविंदा : (पुन्हा फोनवर) बोला, काका.

मधुकरराव : दोन जागा ठेवा, भाऊ. तुमच्याच होडीत. अन् तुम्ही ते बंद केलं, की आम्ही काही बोलणार नाही. नुसते बसू.

गोविंदा : येवा काका. जिप्सी बंद करतंव.