सर्व्हेअर येईपर्यंत

भिंत वाजवून काय बघताय, ओल? बघा ना, माझी काही हरकत नाही. घर घ्यायचं म्हणजे बघायलाच पाहिजे. आमचे हे आणि एजंट झेरॉक्स काढायला गेलेत, कोपऱ्यावरचं दुकान बंद असलं तर पार कात्रजच्या चौकात जावं लागतं, तेव्हा वीस मिनिटं तरी आहेत. बसा. सोफा नवा आहे. इथलं सगळंच नवं आहे, आलं असेल तुमच्या लक्षात — फ्रीज नवा, कपाट नवं, माणसं तेवढी जुनी. मी द्वारका. मावशी म्हणा. तुमचं नाव ऋतुजा ना, एजंटने सांगितलं — अगं-तुगं केलं तर चालेल का? माझ्या पुतणीएवढी आहेस. हिंजवडीला असतेस म्हणे. ते सोपं आहे इथून, कंपनीच्या गाड्या चौकातच थांबतात.

हे मला सांगून गेलेत — चहा दे आणि बाकी काही बोलू नकोस. तर चहा घे.

तळमजलाच का हवा तुला? तुझ्यासारखी मुलं तर सातव्या-आठव्या मजल्यावर बघतात, गॅलरी, वारा, काय काय... अच्छा. आईसाठी. किती वर्षं झाली? दोन वर्षं अंथरुणाला म्हणजे फार गं. आणि तू ऑफिसात असताना? बाई असते दिवसभर. हं. म्हणजे आई आणि ती बाई, दोघीच घरात. चाकाची खुर्ची सरळ आत येते म्हणून तळमजला — खरंय, सरळच येते.

लोन काढणार असशील. मग बँक एक विमा काढायला लावेल, त्यावर खुशाल सही करशील, आणि वाटेल, झाला घराचा विमा. तसं नसतं. तो भिंतींचा असतो. बँकेला तिच्या कर्जापुरती काळजी. आतल्या सामानाचा वेगळा लिहून घ्यावा लागतो, आणि त्यात पूर आहे की नाही ते आपणच विचारायचं, आपण होऊन कुणी सांगत नाही. आणि घर साठ लाखांचं म्हणून विमा साठ लाखांचा होत नाही — बांधायला जेवढा खर्च येईल तेवढ्याचाच. जमीन धरत नाहीत, ती काही वाहून जात नाही म्हणे. मी दहावी झालेली बाई, मला कुठलं कळायला, पण कळलं. आमचा होता विमा, भिंतींचाही आणि सामानाचाही, पुरासकट. यांचा स्वभाव तसा, चार ठिकाणी विचारून, वाचून काढलेला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवला होता. सगळ्या घरात तेवढाच कोरडा राहिला.

हो. आलं होतं पाणी. तुला ओढा दिसला नाही ना मागचा? दिसत नाही, त्याच्यावर आता पार्किंग आहे.

गेल्या वर्षी, घट बसायच्या चार दिवस आधी, बुधवारी. दिवेलागण झाली होती. हे भोसरीला, दुसऱ्या पाळीला. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ब्याऐंशी वर्षांच्या — आत झोपल्यात, ऐकू कमी येतं त्यांना. आधी मोरीतून पाणी वर आलं, मी फडकं घेऊन पुसायला बसले. पुसायला बसले बघ, एवढी अक्कल. तोवर दाराखालून आलं, आणि मग दार उघडेचना, बाहेरून पाण्याचा रेटा. खिडक्यांना गज, चोरांच्या भीतीने आम्हीच बसवलेले. आत्याबाईंना मी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलं आणि त्यांना धरून उभी राहिले, पाणी माझ्या इथवर, छातीपर्यंत — लाइट गेलेली, आणि सिलिंडर तरंगत तरंगत येऊन ओट्याला धडकायचा, परत जायचा, परत धडकायचा. तीन तास. वरच्या मजल्यावरच्या नागोरावांनी पहारीने दार तोडलं तेव्हा बाहेर आलो. आत्याबाई तोंडाने सारखं देवीचं नाव घेत होत्या, त्या तीन तासांत एकदा थांबल्या नाहीत.

त्या अजून ओट्यावरच झोपतात. सांगून, रागावून, रडून झालं. पलंगावर पाठ टेकत नाहीत. मी शेगडी खाली ठेवून स्वयंपाक करते. म्हणून तर वारज्याला बघितलंय, तिसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या आहेत पण तिसरा मजला. त्यांना दाखवून आणलं. खिडकीतून खाली बघितलं, म्हणाल्या, "हितं झोपंन मी." तुझं टोकन आलं की यांनी तिथे द्यायचं, असं ठरलंय. मागचे दोघं आले आणि नाही म्हणून गेले, त्यांना शेजारचं कुणीतरी पाण्याचं बोललं.

चहा गार होतोय.

विम्याचे पैसे मिळाले का, विचारतेस. मिळाले ना. कपाटाचं एक दार फुगलं होतं, त्याचे. नाही, कंपनीने फसवलं असं म्हणवत नाही मला — हे म्हणतात, मी म्हणत नाही. ऐक काय झालं ते. गुरुवारी पाणी उतरलं. घोट्याच्या वर चिखल, आणि वास — तो वास तुला सांगून कळायचा नाही. आत्याबाई वर नागोरावांकडे, पण तिथूनच ओरडत होत्या, "चिखलात देवी बसवनार हाईस का? माझ्या सासूनं घट चुकवला न्हाय, म्या चुकवला न्हाय, तू चुकवनार?" आणि देवीनेच वाचवलं असं मलाही वाटत होतंच की. मग काय, पाइप लावला आणि धुतलं. दोन दिवस, दोन रात्री. गाद्या, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, लग्नातला शालू, सगळं बाहेर काढलं, महापालिकेची गाडी आली तिच्यात टाकलं, उरलं ते भंगारवाल्याला. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, ती घासली, जाईना म्हणून वरून चुना ओढला. रविवारी घट बसले, वेळेवर, मुहूर्तावर.

मंगळवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, नुकसान बघायला. तिसरी माळ. घर इतकं स्वच्छ होतं की त्याने दारात बूट काढले. बिचारा सॉक्स घालून सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "नुकसान कुठं आहे?" मी म्हटलं, सगळं आवरलं. ऋतुजा, मला वाटलं तो कौतुक करेल. त्याने फोटो काढले — पुसलेली फरशी, पांढरी भिंत, आणि कोपऱ्यात समई. तेच फोटो पुढे पत्रासोबत आले. जे दिसलं नाही त्याचं काय देणार? बिलं पाण्यात, वस्तू कचऱ्यात. हे बाहेरच होते ते दोन दिवस, वाहून गेलेली मोटार शोधायला, पंचनाम्याच्या रांगेत. आले तेव्हा घर लखलखीत. मला म्हणाले, "एकटीने केलंस?"

मग सहा महिने भांडले हे. पत्रावर पत्र. सगळ्या पत्रांत एकच वाक्य — सामान हलवू नये अशी कोणतीही सूचना आम्हाला देण्यात आली नव्हती. सुवाच्य अक्षरात. मला वाचून दाखवायचे. आणि खरं आहे ते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी कंपनीचा फोन मीच घेतला, नागोरावांच्या मोबाइलवर — यांनी कंपनीला कळवताना तोच नंबर दिला होता. मुलगी होती, तुझ्याएवढीच असेल, गोड बोलत होती. "मॅम, सर्व्हेअर येईपर्यंत प्लीज काही हलवू नका, काही धुऊ नका, फोटो काढून ठेवा." मी विचारलं, कधी येतील? म्हणाली, चार-पाच वर्किंग डेज. मी बोटांवर मोजलं आणि रविवार मध्ये येत होता. तिला काय सांगू, आमच्याकडे घट आहेत म्हणून? हो म्हटलं आणि फोन ठेवला. एक फोटो तरी काढायचा. सुचलंच नाही, हातात पाइप होता. आणि यांना बोलले नाही — आधी गडबडीत, मग कंपनीचं ते फोटोंचं पत्र आलं तेव्हा भीतीने, आणि मग पहिल्या पत्रात यांनी ते वाक्य लिहिलं, तेव्हा आता कसं सांगू म्हणून.

पुढे कंपनीने कळवलं, फोनचं रेकॉर्डिंग आहे, ऑफिसात येऊन ऐका. हे खुश. म्हणाले, "आता सापडले." मी म्हटलं, नको, सोडा आता, मला त्रास होतो त्या सगळ्याचा. रडले. रडायला काही खोटं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फाइल बांधून माळ्यावर टाकली. माझ्यासाठी सोडलं त्यांनी. अजून लोकांना सांगतात, बायकोची तब्येत म्हणून सोडलं, नाहीतर कंपनीला दाखवलं असतं.

हे मी माझ्या आईलासुद्धा बोलले नव्हते. तुला का बोलले कोण जाणे. तू आईचं म्हणालीस म्हणून असेल, चाकाची खुर्ची. घे किंवा घेऊ नकोस, मी काही म्हणत नाही — घेतलंस तर सामानाचा विमा काढ, बिलांचे फोटो फोनमध्ये ठेव, खिडकीचा एक गज तरी आतून उघडता येईल असा कर, आणि पाऊस लागला की आईला वर नागोरावांकडे ने. चांगली माणसं आहेत. पण यांच्यासमोर यातलं काही —

फाटक वाजलं. आले. कप दे इकडे. डोळे पूस गं, काय हे. हवेशीर आहे म्हण घर. ऊठ, ते बाथरूम बघायचं राहिलंय ना तुझं, जा, बघून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला एजंटचा फोन आला. ऋतुजा घर घेणार होती, पण चार लाख कमी करून. पाणी छातीपर्यंत चढलं होतं हे घरातल्या बाईंनीच सांगितलं, असं तिने कळवलं होतं. द्वारकाच्या नवऱ्याने बरं म्हटलं, आणि आता चार लाख कमी पडणार म्हणून वारज्याला फोन करून तिसऱ्या मजल्याचं घर नको म्हणून सांगितलं.