शंभर ग्रॅममागे बावीस

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा होते. आजोबांच्या हातात फ्रोझन डेझर्टचा डबा होता.

“बारीक अक्षरं आहेत. साखर किती लिहिलीय, बघ ना.”

“शंभर ग्रॅममागे बावीस. आणि दुधाचा पत्ता नाही, सगळं पामतेल.”

“डॉक्टर म्हणालेत, शुगर आता आटोक्यात आहे, दोन चमचे चालतील.”

“दोन म्हणजे दोनच. मी मोजून देणार.”

“आणि बाकीचा डबा?”

“तो मी खाईन.”

“तुझं तर गोड सुटलंय ना? वर्षभर हात लावला नाहीस.”

“सुटलं कुठलं? तुमच्यासमोर एकटीच्या घशाखाली उतरत नव्हतं.”

आजोबांनी डबा आजींपुढे धरला.

“मग हे पामतेल ठेव परत. तुझ्यासाठी दुधाचं घेऊ.”