कसा आला ते सांग

लेक : आप्पा, हेडफोन काढू नका ना. अजून अर्धा सिनेमा राहिलाय.

आप्पा : काढले. कान शिजले माझे. आणि हे नवीन काय? रोज तू समोर बसून वाचतेस, मी चुका काढतो. आज एकदम कानांना टोपणं लावून बसवलंस.

लेक : ज्यांना दिसत नाही ते प्रेक्षक पडद्यावरच्या गोष्टींचं माझं वर्णन असंच ऐकणार ना, सिनेमातल्या संवादांच्या मधे मधे. तुम्ही माझे पहिले प्रेक्षक.

आप्पा : पहिला आंधळा म्हण, लाजतेस कशाला? बरं, चूक ऐक. तो म्हातारा खलाशी. ‘तो घरातून बाहेर येतो.’ कसा येतो?

लेक : येतो म्हणजे... येतो.

आप्पा : तरातरा येतो, भेलकांडत येतो, की पाय ओढत येतो? दारू पिऊन आलाय की बायकोशी भांडून? तुझ्या ‘येतो’तून मला काय दिसणार, कपाळ?

लेक : अहो, सिनेमाच्या मूळ परदेशी भाषेत ते सगळं एका शब्दात आहे. त्यांच्याकडे चाल क्रियापदातच असते, ‘बाहेर’ तेवढं वेगळं जोडतात. आपलं उलटं. येणं, जाणं, चढणं, उतरणं हे क्रियापदात, आणि कसं ते वेगळं सांगायचं. दोन संवादांच्या मधे मला श्वासाएवढी जागा मिळते. ‘कसं’ बसवायचं कुठे?

आप्पा : गेल्या वर्षी बसत होतं की! तुझी माणसं लगबगीनं निघायची, रमतगमत यायची. ती पोर दुडुदुडु धावली, तेव्हा मी खुर्चीतून हात पुढे केला होता. आता सगळी मेली नुसती येतात आणि जातात.

लेक : दमले असेन.

आप्पा : नाचता येईना, अंगण वाकडं. भाषेवर ढकलू नकोस.

लेक : ढकलत नाही हो. एका भाषेत तर पायी जाण्याचं क्रियापद वेगळं आणि गाडीनं जाण्याचं वेगळं. नुसतं ‘गेला’ म्हणायची सोयच नाही.

आप्पा : म्हणजे लपवाछपवी करणाऱ्यांची पंचाईत. त्यापेक्षा आपलं बरं. ‘आला’ म्हटलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. कधी येतोय तो?

लेक : कोण?

आप्पा : तुझा धाकटा भाऊ. आज आणखी कोण यायचंय?

लेक : येईल इतक्यात.

आप्पा : कसा?

लेक : स्टेशनवरून टॅक्सीनं.

आप्पा : ते गाडीचं झालं. पायी कसा येतो, ते विचारतोय.

लेक : हेडफोन घाला ना, आप्पा. सिनेमा राहिलाय.

आप्पा : मावशीला माझ्यापाशी ठेवून तू पंधरा दिवस त्याच्याकडे राहून आलीस. तेव्हापासून तुझ्या माणसांची चालच गेली. आधी मी फोन केला की तो म्हणायचा, ‘शिडीवर आहे, आप्पा, नाटकाचे दिवे लावतोय, नंतर बोलतो.’ आता केव्हाही फोन कर, हा आपला बसलेला. आणि आज ही टोपणं. आंधळ्याचे कान झाकलेस, बाई. जिना ऐकू येऊ नये म्हणूनच ना?

लेक : आप्पा...

आप्पा : पाय आहे ना गं?

लेक : आहे! आहे हो, दोन्ही आहेत. शिडीवरून पडला. डावा गुडघा वाकत नाही आता, काठी घेऊन चालतो. तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात झालं हे. मला शपथ घातली त्यानं. म्हणाला, आप्पांनी मला शेवटचं पाहिलं ते पळताना. त्यांच्यापाशी तेच राहू दे.

आप्पा : गाढव आहे. पण पळतच होता, खरं आहे. डोळे जायच्या आधी शेवटचं नीट दिसलं ते तेच. सोळा वर्षांचा होता. दोन दोन पायऱ्या गाळत चढत होता आणि मी ओरडलो, ‘पडशील मेल्या!’ अजून माझ्या डोळ्यांपुढे तो सोळाचाच आहे. दमला असेल गं, इतकी वर्षं पळून पळून.

लेक : रडू नका ना.

आप्पा : तूच रडतेयस. नाक ओढतेस ते ऐकू येतं. ऊठ, खिडकीशी जा. तो खलाशी राहू दे, आता हा सांग. काही गाळायचं नाही. हवी तेवढी जागा घे, मधे कुणी बोलणार नाही.

लेक : टॅक्सी थांबलीये. तो उतरला.

आप्पा : कसा?

लेक : आधी काठी टेकली. मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. दाराला धरून उभा राहिला. आता येतोय. पाय ताठ आहे, बाजूनं अर्धा गोल फिरवून पुढे टाकतो. एक खांदा खाली-वर होतो. हळू येतोय, आप्पा, पण मान वर आहे. वाटेत मांजर पसरलंय, त्याला न उठवता वळसा घालतोय. काहीतरी बोलतोय त्याच्याशी.

आप्पा : मग तोच आहे. पुढे?

लेक : वर बघितलं. मी दिसले त्याला. कानांवर दोन्ही हात ठेवून दाखवतोय. हेडफोन घातलेत का, विचारतोय.

आप्पा : काय सांगितलंस?

लेक : नाही म्हणून मान हलवली.

आप्पा : मग?

लेक : थांबलाय. जिन्याच्या तोंडाशी. वर येत नाहीये.

आप्पा : दार उघड. सताड उघड. अरे ए! वर ये! मला कळलंय सगळं!

धाकटा (जिन्याखालून) : वेळ लागेल, आप्पा!

आप्पा : लागू दे! मला काय गाडी पकडायचीय?

लेक : कठड्याला धरलं त्यानं. आता उजवा पाय पहिल्या पायरीवर...

आप्पा : आता तू गप्प बस. हे मला ऐकू येतं.

धाकटा : आप्पा, आलो.

आप्पा : आलास ना? मग झालं तर.