दोरीमागचा बाक

नॉर्विचच्या बसच्या रांगेत एनिडच्या पुढे दोन म्हाताऱ्या बोलत उभ्या होत्या.

"मर्टल, चर्चमधल्या आमच्या बाकाला पाद्रीबाबांनी दोरी बांधली."

"का गं, हिल्डा?"

"जुन्या काळी कादंबऱ्या लिहिणारी ती बाई तिथंच बसायची ना! पर्यटकांना दाखवायचाय."

"मग तू?"

"लग्न झाल्यापासून सेड्रिकशेजारी तिथंच बसले. तो गेल्यावरही तिथंच बसते. दोरी सोडली नि बसले."

"बाई गं! पाद्रीबाबा चिडले असतील."

"छे! प्रार्थना झाल्यावर त्यांनी निमूटपणे दोरी उचलली आणि मागच्या बाकाला बांधली."

"पण ती बाई मागच्या बाकावर कुठं बसायची?"

"पर्यटकांना काय कळतंय? कालच एक जोडपं तिथं फोटो काढत होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प कशाला बसू? दोघांचा फोटो मीच काढून दिला."