रस्त्यावरचा माणूस

(कोचकोर गावातली शाळा. राज्यघटनेतल्या हक्कांची चित्रं भिंतीवर रंगवत नुर्झात शिडीवर उभी आहे. तिची सासू बुरुल चहा घेऊन आली आहे. सून तिला अपा म्हणते.)

बुरुल — पण हा रस्त्यावरचा माणूस चाललाय की येतोय?

नुर्झात — चाललाय, अपा. हवं तिथे जाण्याचा, राहण्याचा, परत येण्याचा हक्क. वर तसं लिहिणार आहे.

बुरुल — परत येण्याचाही ना? मग तोंड गावाकडे फिरव त्याचं.

नुर्झात — हेडमास्तरांनी असंच पसंत केलंय.

बुरुल — ती भाषण करणारी बाई बघ, दात मोजून घ्यावेत एवढं तोंड उघडलंस तिचं. नमाजाला निघालेला म्हातारा तर हुबेहूब आपल्या गावचा कसाईच. आणि माझ्या लेकाची, सिरगकची तेवढी नुसती पाठ?

नुर्झात — हा सिरगक नाही.

बुरुल — मला सांगतेस? न्हाऊ घातलंय मी या खांद्यांना.

नुर्झात — हात जातो तसा जातो, अपा. मी ठरवून नाही काढलं.

बुरुल — मग आणखी थोडा जाऊ दे की. उन्हाळ्यात घोड्या दुभत्या व्हायच्या आत येतो म्हणालाय.

नुर्झात — मागच्या वर्षीही तेच म्हणाला होता.

बुरुल — बांधकामावरून सुट्टी देत नाहीत गं ते रशियावाले.

नुर्झात — अपा, तो नाही येणार. हिवाळ्यातच सांगितलं त्यानं मला. तिकडे घर केलंय. बाई आहे. मुलगी झालीय.

बुरुल — ...नाव काय ठेवलं?

नुर्झात — कुणाचं?

बुरुल — मुलीचं.

नुर्झात — विचारलं नाही मी.

बुरुल — विचारायचं होतंस.

नुर्झात — तुम्हाला सांगायचं रोज ठरवायचे. पण सकाळी उठून तुम्ही फाटकाकडे बघत बसायच्या. जीभच उचलायची नाही.

बुरुल — आणि तू? फोन अजून उशाखाली घेऊन झोपतेस. दिसत नाही होय मला?

नुर्झात — वाटतं, वाजेल.

बुरुल — हं. हे हक्क काय पुरुषांपुरतेच लिहिलेत?

नुर्झात — नाही. ‘प्रत्येकाला’ असं आहे.

बुरुल — मग त्या रस्त्यावर एक बाई काढ. तुझी आई तुला माहेरी तालासला बोलावून थकली.

नुर्झात — तुम्ही एकट्या पडाल, अपा.

बुरुल — पडेन. कोट जाड काढ तिचा. तालासच्या घाटात बर्फ असतो.